उजवीकडचे पाच पत्रे

आमरीननं जुना नकाशा खिडकीच्या काचेवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि मान तिरकी करून पाहिलं. बाहेर चिकलठाण्याचं दुपारचं ऊन रणरणत होतं, त्यामुळं कागद आरपार उजळला. शाईच्या रेघा तिला तोंडपाठ होत्या. पण शाईच्या शेजारी, बोटीच्या तळाच्या पत्र्यांवर, बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते तिनं आजवर पाहिलेलं नव्हतं.

"पा."

एवढंच. पाच पत्र्यांवर. पाचही पत्रे उजव्या बाजूचे.

तिनं ते पुन्हा मोजले आणि घड्याळाकडं पाहिलं. पाऊण वाजला होता. चार वाजता कोकणातल्या यार्डाशी व्हिडिओ कॉल होता. त्यात आकडा सांगायचा, नकाशे सोपवायचे आणि उद्या सकाळी सातला तिकडं पत्रे कापायला सुरुवात होणार. चार बोटींचे पत्रे, एकदमच. एकदा पातळ पत्रा कापून जोडला की तो पुन्हा जाड होत नाही.

नकाशा नळकांड्यातून बाहेर काढायचं कारण अगदी साधं होतं. यार्डानं तुलनेसाठी जुन्या बोटीचा मूळ कागद मागितला होता. तीन महिने आमरीननं स्कॅनवरच काम केलं होतं, आणि स्कॅन करणाऱ्यानं कागद स्वच्छ दिसावा म्हणून फिकट रेघा सगळ्या उडवून टाकल्या होत्या. स्वच्छतेची हौस कधीकधी अशी नडते.

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर बसून जहाजांचे नकाशे काढणारं हे ऑफिस म्हणजे गावाला थट्टेचा विषयच होता. लग्नकार्यात कुणीतरी हटकून विचारायचं, "जहाज? सोडणार कुठं, हर्सूल तलावात?" मिहिरचे वडील पूर्वी साखर कारखान्यांच्या टाक्या काढायचे. टाक्या काढता काढता त्यांना एका यार्डाचं काम मिळालं, मग दुसऱ्याचं. पत्र्याला काय, तो आत पाणी ठेवायला वाकवला काय नि बाहेर ठेवायला वाकवला काय, असं ते म्हणत. आता ऑफिस मिहिर चालवत होता आणि बावीस माणसं तिथं जहाजं काढत होती. त्यातल्या चौदा जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

ही बोट खाडी ओलांडणारी होती. दीडशे माणसं आणि दुचाक्या या तीरावरून त्या तीरावर नेणारी. मूळ बोट नऊ वर्षांपूर्वी धम्मपाल साळवे सरांनी काढली होती आणि ती अजूनही रोज फेऱ्या मारत होती. यार्डाला आता तशाच आणखी चार हव्या होत्या, पण हलक्या. लोखंड कमी लागावं, डिझेल कमी जळावं, ओहोटीलाही धक्क्याला लागता यावं. करारात अट स्पष्ट होती. दहा टन किंवा त्याहून जास्त वजन घटलं तर ती नवी रचना, नव्या माणसाच्या नावानं, आणि पुढच्या बोटीही याच ऑफिसकडं. दहाच्या आत राहिलं तर ती जुन्याच रचनेची सुधारित प्रत, जुन्याच नावानं, आणि पुढचं काम दुसरीकडं.

आमरीननं अकरा पॉईंट दोन टन घटवले होते. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'रचना' या शब्दापुढं तिचं नाव टाइप होऊन तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

बाराच्या सुमाराला अब्बांचा फोन येऊन गेला होता. शहागंजात तराजू दुरुस्तीचं त्यांचं दुकान. "आज कागज लारी ना बेटा? फ्रेम ला के रखा मैं." लायसन्सच्या शेजारी भिंतीवर जागा केलीय, हेही त्यांनी सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते गेले तीन महिने मुलीच्या जहाजाबद्दल सांगत होते. मिरची तोलणाऱ्यांनाही आता अकरा टन माहीत झाले होते.

ती नकाशा घेऊन मिहिरच्या केबिनमध्ये गेली.

"मिहिर सर, हे 'पा.' काय आहे?"

मिहिर कॉलसाठी शर्ट बदलून आला होता आणि कॉलर नीट करत होता. त्यानं ओझरतं पाहिलं.

"पाणी. पाण्याखालचे पत्रे असतील."

"पाण्याखाली सव्वीस पत्रे आहेत. खूण पाचवरच आहे. आणि सगळ्या उजवीकडं."

"मग पाचवर लिहून कंटाळले असतील." तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "आमरीन, आज नको. आज फक्त आकडा."

ती जागेवर येऊन बसली. हे टेबल पूर्वी धम्मपाल सरांचं होतं. खणात अजूनही त्यांच्या टोक केलेल्या पेन्सिलींचा भुसा सापडायचा.

जहाज काढायची आता एक रीत झाली आहे. अर्धंच काढायचं. डावी बाजू नीट बसवली की संगणकाला सांगायचं, उजवी तशीच, आरशातली. वेळ निम्मा लागतो, चुकाही निम्म्या होतात. जहाजाच्या दोन्ही कुशी सारख्याच असणार, यात शंका घेण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. आमरीनलाही वाटलं नव्हतं. जुन्या नकाशात तळाला डावीकडं नऊ मिलिमीटरचे पत्रे होते आणि उजवीकडं पाच ठिकाणी चौदाचे. हे पाहून तिला हसू आलं होतं. तिनं डावी बाजू घेतली, नऊचे आठ केले आणि आरसा लावला. उजवीकडचे चौदाही आपोआप आठ झाले.

ते हसू तिनं एकटीनंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण गेल्या वर्षी, यार्डाचं हे काम येण्याआधी, सगळ्या ऑफिससमोर तिनं याच बोटीचं सादरीकरण केलं होतं, जास्तीचं लोखंड लाल रंगात दाखवून. उजवीकडचे पाच पत्रे पडद्यावर रक्तासारखे लाल उठले होते. "एकाच बोटीला दोन बाजूंना दोन जाड्या," ती म्हणाली होती, आणि मिहिरनं मागून पुस्ती जोडली होती, "सरांचा चष्मा बदलायला झालाय." सगळे हसले. धम्मपाल सरांना ऑफिसात मागं 'जाड सर' म्हणत, कारण त्यांचा प्रत्येक पत्रा दोन मिलिमीटर जाडच असायचा. सर दुसऱ्या रांगेत बसले होते. ते बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, "उजवं-डावं एक नाय त्या बोटीचं." ते वाक्यही कुणाला तरी विनोदीच वाटलं. दोन महिन्यांनी सर घरी बसले आणि टेबल आमरीनला मिळालं.

उजवं-डावं एक नाही.

तिनं वजनांचा तक्ता उघडला. प्रत्येक वस्तूपुढं एक रकाना होता, मध्यरेषेपासून अंतर. तो तिनं भरलाच नव्हता. आरसा लावला की तिथं शून्य येतं, म्हणून संगणकानं ओळीनं शून्यं मांडून ठेवली होती. तिनं ती पुसली आणि एकेक वस्तू हातानं भरायला घेतली. दुचाक्या चढवायचा रॅम्प, डावीकडं. वरच्या मजल्याचा जिना, डावीकडं. शौचालय आणि त्याची टाकी, डावीकडं. ही बोट दोन्ही तीरांना डावी कूस लावूनच उभी राहायची, त्यामुळं जे जड ते सगळं त्या बाजूला गेलं होतं. उजवीकडं मांडायला तिला काहीच सापडेना.

मग तिनं बेरीज केली. तिची बोट पाण्यात उतरली की रिकामीच डावीकडं अडीच अंश कलणार होती. अडीच अंश म्हणजे डोळ्याला जेमतेम कळावं इतकं. पण धक्का जवळ आला की माणसं काय करतात? उठतात आणि दाराशी गर्दी करतात. दीडशेतली शंभर माणसं तिनं डावीकडं उभी केली. जुन्या बोटीत तेव्हाही रॅम्पच्या दाराचा उंबरा पाण्याच्या वर वीतभर राहत होता. तिच्या बोटीत तो पाण्याला टेकत होता.

तिनं बेरीज पुन्हा केली. उंबरा पाण्यावरून हलला नाही.

तेव्हा तिला ती खूण वाचता आली. संगणकानं सांगितली नाही, शहागंजानं सांगितली. लहानपणी शाळेतून ती थेट दुकानात जायची आणि पाटावर बसून अब्बांचं काम बघायची. तराजूची दोन पारडी कधीच अगदी सारखी नसतात. एक हलकं पडतं. त्या हलक्या पारड्याला थोडं वजन लावून दांडी सरळ करतात, तो पासंग. काही दुकानदार दोरीनं दगड बांधून मोकळे होतात. अब्बांना त्याचा फार राग यायचा. ते पळीत शिसं वितळवायचे आणि पारड्याच्या पोटात ओतायचे. हा धंदा ते रामकिसन कासारांच्या हाताखाली शिकले होते, म्हणून घरात कोणतीही भाषा चालो, धंद्याचं बोलणं ते मराठीतच करत. "बांधलेला पासंग सुटतो," ते म्हणत, "न्हाय सुटला तर कुणीतरी सोडतं. वतलेला जाईल कुठं?" दांडीवर ते आपला शिक्का मारत. पासंगावर कधी मारत नसत, कारण तो दिसायलाच नको असायचा.

धम्मपाल सरांनी पासंग ओतला होता. पत्र्यातच. आणि तिनं तो आरसा लावून काढून टाकला होता, आणि वर त्याला लाल रंग देऊन लोकांना हसवलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दोन वाजता तिची स्कूटी मुकुंदवाडीत सरांच्या दारात उभी होती.

दार सरांच्या बायकोनं, रत्नमालाबाईंनी उघडलं. त्यांनी आमरीनला ओळखलं, पण ये म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या.

"जेवतायत ते. बसा."

सर आतल्या खोलीत जमिनीवर बसून भाकरी खात होते. वर्षभरात ते बरेच वाळले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या नळकांड्याकडं.

"सर, 'पा.' म्हणजे पासंग?"

सरांनी घास चावून संपवला, पाण्याचा घोट घेतला.

"कुणी वाचलं?"

"मी. आज. स्कॅनमध्ये आलंच नव्हतं."

"पेन्सिल येत नाय त्याच्यात."

"शाईनं लिहिलं असतं तर..."

"शाईनं जाडी लिहिली होती की. डावीकडं नऊ, उजवीकडं चौदा. विचारणाऱ्याला तेवढं पुरं होतं." ते शांतपणे म्हणाले. "पेन्सिल आपल्या माणसासाठी."

रत्नमालाबाईंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"डोळे तपासून आले हे," त्या म्हणाल्या. "तुमच्या हापिसात चष्म्याचं म्हणाले ना, म्हणून. घाटी दवाखान्यात दोन दिवस घातले. डोळ्यात थेंब टाकून टाकून तपासले. काही निघालं नाय."

"राहू दे गं," सर म्हणाले.

"राहू दिलंच की वर्षभर."

आमरीननं मान खाली घातली. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण त्या डोळ्यांत टाकलेल्या थेंबांपुढं तो शब्द फार हलका पडला असता. तिनं कामाचंच विचारलं.

"सर, टाकी उजवीकडं सरकवली तर? मग जास्तीचा पत्रा लागणार नाही."

"टाकी रिकामी झाल्यावर?"

तिनं टाकी मनातल्या मनात पुन्हा डावीकडं नेऊन ठेवली.

"मी बी आधी तेच मांडलं होतं," सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थोडा ओलावा आला. "टाकी, बॅटऱ्या, नांगराची साखळी, सगळं सरकवून बघितलं. जे हलतं ते आज ना उद्या हलवतातच. म्हणून पत्र्यात घातलं. किती जातात तुझे?"

"एक टन आठशे. नऊ पॉईंट चार उरतात."

सरांना अट माहीत असावी. त्यांनी बोटं ताटात झटकली आणि ताट बाजूला सारलं.

"तुम्ही मिहिर सरांना एक फोन कराल का? तुमच्या तोंडून..."

"माझ्या तोंडून गेलं तर जाड सरांचा हट्ट होईल." हे नाव त्यांना माहीत होतं, हे आमरीनला तेव्हा कळलं. "तू सांग. तुझं जहाज हाय."

ऑफिसात ती परतली तेव्हा तीन वाजत आले होते. तिनं उजवीकडचे पाच पत्रे पुन्हा जाड केले, मध्यरेषेचा रकाना भरला, गणित चालवलं. बोट सरळ उभी राहिली. आकडा नऊ पॉईंट चारवर थांबला. तिनं मिहिरच्या केबिनचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

मिहिरनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी तिची बेरीज स्वतः केली. मग उठून दार लावलं.

"सहाशे किलो दुसरीकडून काढ."

"तीन महिने तेच केलंय. आता जिथं हात लावीन तिथं ताकद जाईल."

"फक्त सहाशे, आमरीन. सहा क्विंटलसाठी तीन वर्षांचं काम जातंय."

"मला माहितीये."

तो खिडकीशी गेला. बाहेर कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. मिहिर वाईट माणूस नव्हता. दर महिन्याच्या शेवटी बावीस घरांचा विचार करणारा माणूस होता आणि तो विचार त्याच्या कपाळावर लवकर उमटला होता.

"मग असं करू," तो म्हणाला. "नकाशे आहेत तसे जाऊ देत. अकराचे. शेवटी एक टीप टाक. बोट पाण्यात उतरवल्यावर गरजेप्रमाणे उजवीकडं तळात वजन ठेवावं. ते सिमेंटची पोती ठेवतील. सगळीकडं ठेवतात, काही बेकायदा नाही त्यात. बोट सरळ राहील, आकडा अकरा राहील, तुझं नाव राहील."

तिला ती दोरी दिसली, दगडाला बांधलेली.

"पोती कुणीतरी काढेल. सामान ठेवायला जागा हवी म्हणून. पाच वर्षांनी ती तिथं का आहेत हे कुणाला आठवणार?"

"पाच वर्षांनी ती आपली बोट नसेल."

हे वाक्य त्याचं त्यालाच आवडलं नसावं. त्यानं कॉलर पुन्हा एकदा ठीक केली.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तुझं तोंड दाबणार नाही. दोन्ही फाइली तयार ठेव. कॉलवर तूच बोल, मी मध्ये पडत नाही. पण नऊ म्हणालीस तर ती जुन्या रचनेची सुधारित प्रत होते. चौकटीत सरांचं नाव जाईल. तुझं मला कुठंच बसवता येणार नाही. 'तपासणी'च्या रकान्यातसुद्धा नाही, तिथं माझं नाव आहे."

"हो."

"विचार कर. पाऊण तास आहे."

पाऊण तासात तिनं दोन्ही फाइली तयार केल्या. पहिलीत कोपऱ्यात आमरीन अन्सार शेख. दुसरीत ध. रा. साळवे. दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर बाहेरच्या माणसाला फरकही कळला नसता. तिला मात्र पहिल्या फाइलीवरून नजर हलवता येईना. ते नाव तिला हवं होतं. फार हवं होतं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि ती स्वतःपासून ते लपवतही नव्हती. टीप वाईट नव्हती. पोती राहतीलही कदाचित. खाडीतली माणसं कदाचित दाराशी गर्दी करणारही नाहीत. तिनं शंभर माणसं पुन्हा एकदा डावीकडं उभी केली, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर मूल, आणि उंबऱ्याकडं पाहत बसली.

चारला दोन मिनिटं असताना मिहिर येऊन तिच्या शेजारी बसला. त्यानं तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली होती.

पडद्यावर यार्डाचे जुनेद मुकादम आले. त्यांच्यामागं अर्धं उघडं शटर होतं आणि शटरच्या पलीकडं पाण्याची एक राखाडी पट्टी. ते उभ्यानंच बोलत होते. मागं क्रेनचा आवाज येत होता.

"नमस्कार, नमस्कार. माझी माणसं खोळंबलीयत, तेव्हा लांबण नको. मॅडम, तुम्हीच सांगा. किती?"

मिहिरनं हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिला. आमरीननं माउस हातात घेतला. तळव्याला घाम आला होता, तो तिनं ओढणीला पुसला आणि माउस पुन्हा धरला.

सहाच्या सुमाराला ती शहागंजात पोहोचली. घड्याळाच्या मनोऱ्याखाली नेहमीसारखीच गर्दी होती. फळवाले, रिक्षा, अत्तराच्या दुकानाबाहेर रेंगाळणारी माणसं. अब्बा दुकानात एकटेच होते. एका भंगारवाल्याची मोठी दांडी मांडीवर घेऊन तिचा काटा घासत होते. तिला पाहताच त्यांनी दांडी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि कपाटामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काढली. भिंतीवर लायसन्सच्या शेजारी खिळा ठोकून झालेला होता.

"लाई?"

तिनं गुंडाळी त्यांच्या हातात दिली. गल्ल्याच्या पेटीवर त्यांनी कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. चष्मा लावला. कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल तिनंच त्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ते आधी तिकडंच वळले. इंग्रजी अक्षरं त्यांनी ओठ हलवत लावली.

"साळवे," ते म्हणाले. "ये कौन?"

"धम्मपाल सर. मैं बोली थी ना, पहले वाले."

"और तू?"

बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं. अब्बांनी त्याला हातानंच थांब म्हणून खूण केली.

मग त्यांनी कागद बघायला सुरुवात केली. दांडीत खोट कुठं आहे हे शोधताना ते असेच वाकायचे, एका टोकापासून. बोट त्यांना कळत नव्हती, पण रेघ कळत होती. डावी बाजू झाली. त्यांचं बोट तळावरून सरकत उजवीकडं आलं आणि अडलं. तिथं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. प्रिंट निघाल्यावर आमरीननं पाच ठिकाणी 'पा.' लिहिलं होतं. अब्बांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"पासंग?"

कुणी न सांगता त्यांनी वाचलं होतं. आणि आता ते मराठीत आले होते.

"हो."

"बांधला का वतला?"

"वतला," आमरीन म्हणाली.

अब्बांनी कागद खाली ठेवला. त्या पाच खुणांवरून एकदा बोट फिरवलं, हलक्या हातानं, पेन्सिल पुसू नये म्हणून.

"मग नाव कशाला हुडकतोय मी," ते म्हणाले आणि कागद आत बसवायला फ्रेम उपडी करून तिच्या मागचे खिळे एकेक काढायला लागले.